दुसरा फणा

कोयनानगरला भूकंपाचा धक्का बसल्यापासून माझी दुसरीतली लेक घरात पाऊल टाकेना. चार दिवस जेवण, झोप अंगणातच. मी भूकंप मोजणाऱ्या कचेरीत नोकरीला. कागदावरची रेघ दाखवून शास्त्र समजावलं, ती जास्तच घाबरली. शेवटी बायकोनं शाळेतून पुराणकथांचं पुस्तक आणलं. “असल्या थापा नकोत,” मी कुरकुरलो. “आवं, वाचू द्या की!” लेक अक्षरं जुळवत पहिलीच गोष्ट वाचू लागली: पृथ्वी पेलणारा शेषनाग दमला की फणा बदलतो, मग जमीन हलते. तेवढ्यात मांडणीवरची भांडी वाजली, पुन्हा धक्का! मी तिला उचलायला धावलो, तर ती जमिनीवर हात फिरवत होती. “दमलास व्हय रं? लय जड असंल. आता नीट धर.” पुस्तक काखेत मारून ती घरात गेली. आतून हाक आली, “पप्पा, या की आत! धरलंय त्यानं.”