आळत्याचे वार

हवालदार बिडवेंनी रबरी सुरा आळत्यात बुडवला आणि ते साहेबांसमोर उभे राहिले. साहेबांच्या अंगात पांढराशुभ्र बनियन होता. सहा वर्षांपूर्वी एका झडतीत गुंड सुरा घेऊन धावून आला, तेव्हा हेच साहेब बिडवेंना एकटं टाकून जीपकडे पळाले होते. वर अहवालात लिहिलं होतं, ‘हवालदार स्वतःच्या निष्काळजीपणामुळे जखमी.’

आज साहेब सुऱ्याचे वार अडवण्याच्या प्रशिक्षणाला आले होते आणि शिकवणारे बिडवे होते.

शिट्टी वाजली. साहेबांनी हात आडवे धरले, पण सुरा दर वेळी हात चुकवून हव्या त्याच जागी लागला.

“नियम सगळ्यांना सारखा,” बिडवे म्हणाले. “आपले वार आपणच मोजायचे, बॅचला ऐकू जाईल असे.”

“एक, डावा खांदा. दोन, बरगडीखाली. तीन, मनगट...” साहेब मोजता मोजता थांबले. जखमांची ही यादी त्यांनीच त्या अहवालात लिहिली होती.

बिडवेंनी सावकाश शर्टाची बटणं काढली. साहेबांच्या अंगावरच्या लाल खुणांच्याच जागी त्यांचे सात जुने व्रण अख्ख्या बॅचला दिसले.

“थांबलात का साहेब? उरलेले चार माझ्या अंगावर बघून मोजा.”