महेश्वरी सिस्टरचं डाएट

"तोंडात काय आहे?" महेश्वरी सिस्टर कडाडली.

ऋतुजाला उत्तर देता येईना. तिच्या तोंडात दोन पेढे एकदम कोंबलेले होते. स्टोअररूममध्ये, सलाईनच्या खोक्यांआड उभ्या उभ्या ती ते घशाखाली ढकलायला बघत होती. सात नंबरच्या पेशंटला सकाळी डिस्चार्ज मिळाला होता. जाताना त्याच्या घरच्यांनी सिस्टर लोकांना म्हणून पेढ्यांचा बॉक्स ठेवला होता. बरा झालेला माणूस पेढे देऊन जातो, ही वॉर्डातली रीतच आहे. महेश्वरीने त्या बॉक्सला बोट लावलं नव्हतं. आता तो निम्मा रिकामा होता.

"सकाळी काट्यावर उभी राहिलीस, तेव्हा काय झालं ते विसरलीस? सगळ्यांची वजनं उतरली. तुझंच वाढलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला!"

सोलापूरच्या त्या खासगी दवाखान्यात वर्षभर नर्सेसची वजनं उतरवण्याची मोहीम चालली होती. नर्सच जाड असेल तर पेशंट काय शिकणार, असं मोठ्या डॉक्टरांचं म्हणणं. पुण्याहून एक डाएटवाली बाई येऊन बोलून गेली. जेवण वेळेवर करा, बसून करा, एकेक घास चावून खा, मग शतपावली घाला. महेश्वरीने त्यातला शब्दन् शब्द पाळला. रोज साडेबाराला ती डबा घेऊन गच्चीवरच्या खोलीत जाई, मोबाईल बंद करी, सावकाश जेवी, गच्चीवर फेऱ्या मारी आणि मगच खाली उतरे. ती अशी काही बारीक झाली, की दवाखान्याने लिफ्टशेजारी तिचा मोठा फोटो लावला. फोटोखाली तिचंच वाक्य होतं : ज्याला करायचं असतं, त्याला वेळ सापडतो.

तिला त्या वाक्याचा अभिमान होता. आणि ऋतुजाचा राग. एकाच वॉर्डात, एकाच ड्यूटीला दोघी. एकीला जमतं, तर दुसरीला का जमू नये? आज चमचा विसरला म्हणून ती जेवायच्या वेळेला खाली परतली होती, आणि बघते तर हा तमाशा.

"तुला नोकरीत कायम करायचं का, असं मेट्रनने मला विचारलंय," ती म्हणाली. "काय सांगू? पेशंटला म्हणायचं गोड खाऊ नका, आणि आपण चोरून पेढे हाणायचे! जिला स्वतःची जीभ आवरत नाही, ती वॉर्ड काय सांभाळणार? डबा दाखव तुझा. काय तेलकट-तुपकट आणतेस ते एकदा बघू दे की."

महेश्वरीला वाटलं, पोरगी आता रडेल. ऋतुजा रडली नाही. कायम व्हायचं म्हणून कुंभारीहून पहाटेची बस पकडून ती रोज यायची आणि वॉर्डात कोण काय बोलेल ते मुकाट ऐकून घ्यायची. आज मात्र तिचा चेहरा लालबुंद झाला होता. तिने फळीवरची पिशवी ओढली, आतला डबा खोक्यावर आदळला आणि झाकण उघडलं.

ज्वारीची भाकरी. मटकीची उसळ. काकडीचे काप. कोपऱ्यात चिमूटभर शेंगाचटणी. डाएटवाल्या बाईने फळ्यावर लिहून दिलं होतं, अगदी तेच. कशालाही हात लागलेला नव्हता.

"मग हे सोडून पेढे कशाला?" महेश्वरीचा आवाज अजून चढलेलाच होता.

"कवा खाऊ?" ऋतुजा ओरडली. ड्यूटीवरची तिची जपून बोललेली भाषा कुठल्या कुठे गेली. "सांगा की, कवा खाऊ? तुमी वरनं खाली येस्तोवर वॉर्ड सोडायचा न्हाय. तुमी आला की डॉक्टरांचा राउंड. राउंड झाला की कागदं, मग ड्यूटीची बदली. हा डबा रोज असाच माघारी जातोय. तुमच्या त्या डाएटवाल्या बाईनं सांगितलेलं समदं आमची म्हस खाती, सिस्टर! आन् मी हाताला लागंल ते उभ्यानं कोंबती. पेढा, बिस्किट, चार कप चहा. गपकन गिळता येतंय म्हणून."

"अगं, मग मला सांगायचंस तरी..."

"आदी सीनियरनं जेवायचं, ही रीत मी काढली व्हय? तुमी वर फेऱ्या मारताना हितं पेशंटची बेल कोण बघतं, हे कवा इचारलं का तुमी?"

ऋतुजाने एक खोकं पुढे ओढलं, त्यावर बसली आणि डबा मांडीवर घेतला.

"जावा, सांगा मेट्रनला. नका करू कायम. आज मी बसून जेवणार."

तिने भाकरीचा तुकडा मोडला. महेश्वरीला पुष्कळ बोलायचं होतं. ती सीनियर होती, आणि असं उलट आजवर तिला कुणी बोललं नव्हतं. तेवढ्यात वॉर्डातून बेल वाजली. ऋतुजा उठली नाही. बेल थांबली, पुन्हा वाजली. मग दुसऱ्या खाटेवरची वाजू लागली.

महेश्वरी दाराकडे वळली. साडेबाराला वॉर्डात बेल वाजते, हे वर्षभरात ती पहिल्यांदाच ऐकत होती.