भिकाजीची चकती

“आधी ती चकती काढा. मग परीक्षा,” रत्नागिरीहून आलेले साहेब म्हणाले.

भिकाजीला ऐकू आलं नाही, पण साहेबांचे ओठ त्याने वाचले. तीस वर्षं बोटीच्या इंजिनखोलीत काढून त्याचे कान गेले होते. डोळे मात्र घारीचे. मोटारसायकलच्या हँडलला हात लावून तो असा उभा राहिला, जणू कुणी त्याची दुभती म्हैसच सोडून न्यायला आलं आहे.

चकती त्याने स्वतः घडवली होती. पितळेची, तळहाताएवढी, वर एक ते चार आकडे कोरलेले. गिअरबॉक्सपासून तार ओढून काटा बसवलेला. गाडी कितव्या गिअरात आहे ते काट्यावरून कळे. कसालच्या बाजारात या चकतीची काय कमी टिंगल झाली! “भिकाजीन मोटारसायकलीक घड्याळ बांधल्यान,” असं गॅरेजवाला दत्ताराम येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

भिकाजीला स्वतःला लायसन मिळालं नव्हतं. बहिऱ्या माणसाला कोण देणार? “माका नाय? मगे माझ्या चेडवाक देतले!” असं साऱ्या बाजाराला ऐकवून त्याने मुलीला, सुगंधाला, गाडीवर बसवलं. सुगंधा दवाखान्यात नर्स होती. बाळंतिणी लांबलांबच्या वाड्यांवर अडायच्या आणि बैलगाडी पोचेपर्यंत बारशाची वेळ यायची. आज ती नापास झाली तर गाडी दत्तारामला विकायची, असं घरात ठरून गेलं होतं. तेवढ्या आशेवर दत्ताराम सकाळपासून परीक्षेच्या चढणीखाली ठाण मांडून होता.

शिकवणी सहा महिने चालली. रोज सकाळी भिकाजी मागे बसे आणि लेकीच्या खांद्यावरून काट्यावर नजर ठेवी. काटा दोनवर फार वेळ राहिला की उजव्या खांद्यावर थाप. म्हणजे वरचा गिअर टाक. चढ आला की डाव्या खांद्यावर. म्हणजे खालचा. थाप पडली रे पडली की पोरगी गिअर बदलायची. एकदासुद्धा चुकली नाही, आणि याचा भिकाजीला कोण अभिमान!

“नव्या माणसाची नजर रस्त्यावर हवी,” साहेब सांगत होते. “या खेळण्याकडे बघत बसली तर खड्ड्यात जाईल. गिअर कानाने ओळखायचा असतो.”

“कानान?” भिकाजी ओरडला. एरवीही तो ओरडूनच बोले, त्यात आज राग. “साहेब, तीस वर्सा बोटीचा इंजिन चलवलंय मी. वरसून कप्तानाचो हुकूम येय तो चकतीवर. समुद्र कधी दिसाक नाय, आणि बोट कधी आपटाक नाय! नव्या माणसाक चकती होयीच. मी काढूचंय नाय!”

साहेब कागद मिटू लागले. तेव्हा सुगंधाच पुढे झाली. पांढऱ्या पाचवारीचा तिने काष्टा मारला होता. तिने पाना घेतला, चकती सोडवली आणि बापाच्या हातात ठेवली. मग किक मारून निघाली.

काटा नाही, आवाज नाही, पुढ्यात खांदा नाही. पोरीला आता कळणार कसं? गाडी चढणीला लागली तसा भिकाजीचा डावा हात आपोआप वर गेला. पण तो खाली यायच्या आतच गाडीने जोर धरला आणि सरसर माथ्यावर गेली. वळली. उतरली. साहेबांच्या बुटांपासून हातभर अंतरावर येऊन थांबली.

साहेबांनी सही केली. भिकाजीने छाती काढून दत्तारामकडे बघितलं. “बघलंस? सहा महिने चकतीवर शिकवलंय तिका!”

सुगंधाने त्याच्या हातातली चकती घेतली आणि पुन्हा हँडलला बसवू लागली.

“लायसन गावला मा?” दत्ताराम चिडून म्हणाला. “मगे आता ह्या लोढणा कित्याक गो?”

बापाला, तिच्या आपांना, वाईट वाटू नये म्हणून सुगंधाने आवाज अगदी खाली आणला. बहिऱ्या माणसापुढे आवाज खाली आणून काय उपयोग? भिकाजी तिच्या ओठांकडेच बघत होता.

“माका ती कधीच नको होती. माका इंजिन आयकाक येता. गेर बदलूची येळ माका आधीच कळता. मी थांबतंय, ती आपांची थाप पडापर्यंत.”