आईच्या चालीने

इचलकरंजीला माहेरी आलेली रेवती सकाळपासून घरच्या बोलणाऱ्या कॉम्प्युटरमागे लागली होती. तिने पंख्यातली धूळ काढली, नको त्या फायली पुसल्या. तरी काही विचारलं की तो उत्तराला वेळ लावायचा तो लावायचाच.

"तुला झालंय तरी काय?" ती वैतागली.

"बिघाड नाही," तो सावकाश म्हणाला. "लकव्यानंतर आईंना शब्द जुळवायला वेळ लागतो. मी भराभर बोललो की त्या गप्प व्हायच्या. म्हणून मीच हळू झालो. तुम्हाला हवा तर वेग वाढवतो."

रेवतीचा हात थांबला. फोनवर आईचं प्रत्येक वाक्य ती स्वतःच पुरं करून टाकायची.

"नको. असाच राहा," ती म्हणाली.

तेवढ्यात तिची आई, हौसाबाई, भिंतीला धरून आल्या. "रेवा... मी... आज..."

'चहा हवाय का?' रेवतीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

"आज... मी... तुझी वेणी घालते," हौसाबाई म्हणाल्या.

रेवतीने केस सोडले आणि आईकडे पाठ करून जमिनीवर बसली.