बाबांच्या कॉम्प्युटरमधली शाल

“ही माझी नाही,” आई म्हणाली, आणि आणखी एक लाल शाल खाटेवरून खाली सरकली.

खिडकीच्या फटीतून गार वारा येत होता. आईची बोटं थंडीने आखडली होती. छातीत कफ भरला होता, आणि अंग उबदार ठेवा, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. पण अंगावर घातलेलं काहीच ती ठेवून घेईना. आताशा तिला माणसं ओळखू येत नसत. पोटच्या मुलीलाही ती ‘अहो बाई’ म्हणे. डोक्यातलं सगळं विस्कटलं होतं, एक मागणं तेवढं जागेवर होतं. माझी शाल द्या.

मुलगी रंगारीण होती. लोकर रंगवून रंगवून तिच्या नखांच्या कडा कायमच्या रंगल्या होत्या. आईची शाल लाल होती, हे तिला पक्कं आठवत होतं. घर बदलताना ती कुठे गहाळ झाली, कोण जाणे. पण लाल म्हणजे कुठला लाल? डाळिंबाच्या दाण्याचा, भाजल्या विटेचा, वाळल्या मिरचीचा, की दिवस बुडताना ढगाच्या काठाला उरतो तो? एकेक रंग तिने उकळला, एकेक शाल बुडवली, वाळवली, आणली. आई एकेक ढकलत राहिली.

“बाबांनी त्या शालीचा फोटो काढला होता,” धाकटा भाऊ म्हणाला. “कॅमेरा नवा होता तेव्हा. पण तो त्यांच्या त्या कॉम्प्युटरमध्ये आहे.”

बाबा गेले, तेव्हापासून तो कॉम्प्युटर माळ्यावर होता. खाली उतरवला तर दिवा लागे, पण पुढे काहीच सुरू होईना. त्याची डिस्क दुसऱ्या कुठल्या मशीनला लावावी, तर खाच जुळेना. धाकट्याने ठरवलं, ह्याच्यावर लिनक्स बसवायचं, म्हणजे मशीन चालवणारी नवी प्रणाली. वेगळ्या डिस्कवर, जुन्या फाइलींना धक्का न लावता. पहिली सीडी घातली, मशीन ढिम्म. दुसरी घातली, काळ्या पडद्यावर अगम्य ओळी धावत आल्या आणि वाट चुकल्यासारख्या मधेच थांबल्या.

“आता काय झालं?” रंगारणीने विचारलं.

“प्रोसेसर वेगळ्याच जातीचा आहे, ताई. नेहमीचं लिनक्स ह्याला कळत नाही. हा आकडेसुद्धा दुसऱ्या टोकाकडून वाचतो.”

“म्हणजे मोठे काका पेपर वाचतात तसा. मागच्या पानापासून.”

“तसाच. आणि तेवढाच हेकट.”

असल्या मशीनांवर जीव जडलेली चार माणसं जगात कुठेतरी होतीच. त्यांनी ह्याच जातीसाठी घडवलेलं लिनक्स धाकट्याने शोधून काढलं. ते बसलं. पडदा उजळला. बाबांच्या फाइली दिसल्या, आणि त्यांतला तो फोटो उघडला.

पांढरी भिंत. कुंडीतली हिरवी पानं. दोरीवर वाळत घातलेली शाल.

निळी.



“लाल होती ना रे?”

“मलाही लालच आठवते.”

रंगारणीने पडद्याला नाक लावलं. भिंत पांढरीच होती. पानं हिरवीच होती. सगळं बरोबर असताना एकटी शालच कशी चुकेल?

“आपणच विसरलो,” धाकटा म्हणाला. “शेवटी तिचीच लेकरं.”

तिने निळा रंग उकळला. पातेल्यात ढवळताना तिला राहून राहून वाटत होतं, आपलं काहीतरी चुकतंय. तरी शाल बुडवली, वाळवली, आईच्या अंगावर घातली. आईने काठ चाचपला. मग शाल हनुवटीपर्यंत ओढून घेतली, कुशीवर वळली आणि झोपली. कितीतरी दिवसांनी तिच्या घशातली घरघर थोडी निवली.

पुढच्या आठवड्यात धाकट्याने उरलेले फोटो उघडले आणि ताईला हाक मारली. पडद्यावर बाबा हसत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कुणी शाईची दौत उपडी केली असावी, असे निळे.

“घोळ झाला,” तो म्हणाला. “पडद्याला रंग सांगणारा भाग ह्या प्रोसेसरवर गडबडतोय. लालाच्या जागी निळा, निळ्याच्या जागी लाल. हिरवा मधला, तो हलत नाही. पांढऱ्यात सगळेच सारखे.”

त्याने त्या भागाच्या प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली. बाबांचा चेहरा माणसात आला. मग त्याने शालीचा फोटो पुन्हा उघडला. ती लाल होती. डाळिंब आणि वीट यांच्या मधली, थोडी धुरकट.

मग निळी घेऊन आई झोपली कशी? आजारी बाईला आपण फसवलं, एवढंच रंगारणीला कळत होतं. तिने तोच लाल साधला, एका छटेचाही फरक राहू दिला नाही. शाल वाळली तशी ती आईच्या खाटेजवळ गेली.

“आई, ती निळी चुकून झाली गं. ही बघ. ही तुझी खरी.”

आईने निळी शाल मुठीत धरली. लाल शालीकडे तिने नीट, बराच वेळ पाहिलं. ओळख पटल्याचं तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं.

“हो, हीच ती,” ती म्हणाली. “जन्मभर पांघरली. पण ही ह्यांच्या पसंतीची, अहो बाई. दुकानात मी हात लावला होता तो निळीला.”