जळका गोल

केंटकीतलं ओपलचं कुरण खंडानं घ्यायला पलीकडच्या काउंटीतला ड्वेन आला होता. ऑगस्टात युरिया टाकल्यामुळे गवत गुडघाभर वाढलं होतं. गुरांचा अख्खा हिवाळा त्यावर निघाला असता.

"काकू, खत टाकणाऱ्याचा हात बसलेला आहे हो. कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही."

मग कुंपणाजवळ गवताचा एक जळका गोल दिसला, तसा तो हसला. "इथं मात्र गड्याला डुलकी लागली वाटतं! ट्रॅक्टर जागेवर उभा, अन् मागं खताची चकती आपली फिरतेच आहे. एवढं ओतल्यावर जळणारच की!"

ओपल गोलाच्या कडेलाच थांबली.

"नवरा जेवायला आला नाही म्हणून मी बघायला आले," ती म्हणाली, "तेव्हाही फिरतच होती."