नेटमधला डावखुरा

क्रिकेट बोर्डाच्या बख्तियार साहेबांनी परदेशी लीगमध्ये खेळायच्या परवानगीचा, एनओसीचा कागद खिशातून काढला, उलगडला, आणि सही न करताच ते नेटच्या खांबाशी येऊन उभे राहिले.

"चार बॉल बघतो तुमचे," ते म्हणाले. "मग काय ते ठरवू, तबरेज मियाँ."

तबरेजने बॉल पँटवर घासला. बोलायचं ते सगळं सकाळीच बोलून झालं होतं.

लाहोरच्या त्या कॅम्पात तो निवडलेल्या पंधरांत नव्हता, राखिवांतही नव्हता. तीन वर्षांत त्याला कुणी मॅच दिली नव्हती. तरी बोर्डवाले सोडतही नव्हते. पुढच्या महिन्यात ऑस्ट्रेलियाचा दौरा होता, आणि त्यांचा उंच डावखुरा जसा शेवटच्या क्षणी बॉल आत आणतो, तसा आणणारा अख्ख्या देशात हा एकटाच. सलामीच्या पोरांना सराव व्हावा म्हणून याला डांबून ठेवलेला. पोरं त्याला गमतीने 'कॉपी' म्हणत. तो ऑस्ट्रेलियन बॉलर शाळकरी पोर होता तेव्हापासून तबरेज हाच बॉल टाकत होता, पण हे सांगायचं कुणाला? नवा बॉल पंधरांतल्यांसाठी. याच्या हातात त्यांनी वापरून टाकलेला.

वेस्ट इंडीजच्या लीगने बोलावलं होतं. आज होकार नाही कळवला तर ते दुसरा बघणार होते. वय चौतीस, गुडघा रोज तक्रार करणारा. पुन्हा कोण विचारणार? एकदा जाळीच्या बाहेर, माणसांनी भरलेल्या मैदानात, धावफलक लागलेला असताना बॉल टाकायचा होता त्याला. बास, एवढंच.

"देशाच्या मॅच असत्या तर मी तोंडातून शब्द काढला नसता साहेब," तो सकाळी म्हणाला होता.

"कॅम्पात आहात म्हणजे देशाच्याच कामावर आहात."

"मग खेळवा ना मला."

साहेब हसले होते. "आता या वयात? खरं सांगा मियाँ, मॅचचे राहिलात का तुम्ही?"

म्हणजे खेळवायला म्हातारा आणि सोडायला कामाचा. कात्रीत सापडलेल्या माणसाने करावं काय? तबरेजने कालपासून एक केलं होतं. त्याने आपला बॉल लपवला होता. मनगट सैल सोडायचं, बॉल सरळ जाऊ द्यायचा, मधूनच गुडघा धरायचा. स्वतःचीच लाज वाटत होती, पण उपाय लागू पडत होता. दोन बॉल बेकार गेले तसे साहेब कोचकडे वळून म्हणाले, "हा संपलाच की हो," आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात शहरयार बॅट काखेत मारून खेळपट्टीवरून चालत आला. बावीस वर्षांचा, पंधरांतला, सलामीचा.

"तबरेज भाई, कालपासून तुम्ही मला फसवताय," तो हळूच म्हणाला.

"गुडघा दुखतोय रे."

"गुडघा नाही दुखत. हात चोरताय तुम्ही. मागच्या दौऱ्यात त्या ऑस्ट्रेलियनने मला तीनदा त्याच बॉलवर काढला. या वेळी गेलो तर कायमचा गेलो. माझंही तुमच्यासारखं होईल, भाई."

बोलला आणि जीभ चावून उभा राहिला. "माफ करा. तसं नव्हतं म्हणायचं."

तबरेजने त्याच्याकडे पाहिलं. मग पलीकडे, साहेबांच्या बोटांतल्या उघड्या पेनाकडे. कागद खांबावर टेकवलेला होता. दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं गप्प राहायचं होतं.

"जा, उभा राहा," तो म्हणाला.

तो धावत आला. मनगट आपोआप घट्ट झालं. बॉल बाहेर जातोय असं वाटेपर्यंत बाहेर गेला आणि वळून शहरयारच्या पायामागून आत घुसला. मधला स्टंप उखडून मागच्या जाळीला जाऊन लागला. शेजारच्या नेटमधले पण थांबले.

"पुढचा पाय आडवा टाकतोस," तबरेज म्हणाला. "सरळ टाक. बॉलला यायला वाट दे, मग भेट त्याला."

पुन्हा तोच बॉल. या वेळी पाय सरळ पडला. बॅटच्या मधोमध आवाज झाला आणि बॉल तबरेजच्या पायाजवळून सुसाट मागे गेला. शहरयार लहान मुलासारखा ओरडला, "सापडला! भाई, सापडला!"

तबरेजलाही हसू आलं. ते ओसरायच्या आत त्याने वळून पाहिलं. साहेबांनी पेनाला टोपण लावलं होतं आणि कागदाची घडी घालत होते.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते जवळ आले आणि त्यांनी प्रेमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"असा बॉल टाकता, आणि वर म्हणता मला जाऊ द्या?"

"साहेब, आता त्याला खेळता येतोय तो."

"एकाला येतोय. अजून पाचजण आहेत. दौरा होऊ द्या, मग बघू."

"मग लीग संपलेली असेल."

साहेबांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. खांबाला लटकवलेल्या तबरेजच्या बॅगेत फोन वाजू लागला होता. बराच वेळ वाजला आणि बंद पडला.

"भाई, अजून एक!" शहरयारने स्टंप पुन्हा ठोकला होता.

तबरेज आपल्या खुणेकडे चालू लागला. मागून साहेब सामानाच्या माणसाला मोठ्याने सांगत होते, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"उद्यापासून यांना नवा बॉल देत जा."